पोरं जिंकतात, मग मोठा संघ कुठे अडतो? सोलापूरच्या वाचकांचे फुटबॉल-प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात. त्यातले पाच प्रश्न निवडले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : १८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात आपला वरिष्ठ संघ बांगलादेशकडून ०-१ असा हरला. २०२७ च्या आशिया चषकाचं दार त्याआधीच बंद झालं होतं. त्याच महिनाअखेरीस अहमदाबादेत आपल्या १७ वर्षांखालच्या मुलांनी इराणला २-१ हरवून त्यांच्या वयोगटाच्या आशिया चषकात जागा मिळवली. ही मुलं मोठी झाली की भारताचा संघ सुधारेल, असं धरून चालावं का? आशियात असं कुठे झालं आहे?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : धरून चालू नये. आशियात मुलांच्या विजेतेपदानंतर मोठा संघ उभा राहिल्याची उदाहरणं आहेत, आणि पुढे काहीच न घडल्याचीही आहेत. फरक पडतो तो मुख्यतः एका ठिकाणी : मुलगा १८ ते २२ वर्षांचा असताना त्याला मोठ्या माणसांविरुद्ध किती सामने मिळाले.

आधी आपलंच उदाहरण घ्या. १९७४ मध्ये बँकॉकला झालेल्या आशियाई युवा स्पर्धेत कर्णधार शब्बीर अलीचा भारतीय संघ आणि इराण यांच्यातला अंतिम सामना २-२ असा सुटला आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवलं गेलं. इराणची मुलं १९७३ ते १९७६ अशी सलग चार वर्षं विजेती किंवा संयुक्त विजेती होती. १९७८ मध्ये इराणचा वरिष्ठ संघ विश्वचषकात खेळला. आपला संघ पात्रता फेरीतून तिथवर आजतागायत पोचलेला नाही. इराणचे मोठे खेळाडू तेव्हाही आशियाचे विजेते होते, त्यामुळे सगळं श्रेय मुलांना देता येणार नाही. पण इराणमध्ये १९७३ पासून तख्त-ए-जमशीद चषक ही देशभराची लीग सुरू झाली होती. म्हणजे युवा संघातून बाहेर पडलेल्या मुलाला दर आठवड्याला खेळायला जागा होती. भारतात राष्ट्रीय लीग सुरू व्हायला १९९६ साल उजाडलं. तोवर आपल्या मुलांच्या वाट्याला कोलकाता, गोवा, मुंबईच्या स्थानिक लीग आणि बाद पद्धतीच्या स्पर्धाच होत्या.

कतारची गोष्ट याहून स्पष्ट आहे, कारण त्या एकाच देशात दोन्ही प्रकार घडले. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या जागतिक युवा स्पर्धेत कतारच्या मुलांनी ब्राझील आणि इंग्लंडला हरवून अंतिम फेरी गाठली आणि तिथे पश्चिम जर्मनीकडून ०-४ असा मार खाल्ला. त्यानंतर पात्रता फेरी खेळून विश्वचषकात जागा मिळवायला त्यांना ऑक्टोबर २०२५ पर्यंत थांबावं लागलं. २०२२ ला ते यजमान म्हणून होते. हुरडा गोड लागला म्हणून सुगीला रास किती पडेल हे ठरत नाही, तसंच हे. दुसऱ्या खेपेला मात्र त्यांनी मधली वर्षं सांभाळली. २००४ मध्ये ॲस्पायर अकादमी उभी राहिली. २०१४ मध्ये फेलिक्स सांचेझ यांच्या हाताखाली १९ वर्षांखालचा संघ आशियाचा विजेता झाला. त्याच सांचेझ यांच्याकडे २०१७ मध्ये वरिष्ठ संघ आला आणि २०१९ चा आशिया चषक कतारने जपानला ३-१ हरवून जिंकला. अल्मोएझ अलीने त्या स्पर्धेत ९ गोल केले, अक्रम अफीफने १० गोलांना पास दिले. दोघेही त्या २०१४ च्या पिढीतले. पुढचा आशिया चषकही कतारनेच घेतला. तरी २०२२ च्या विश्वचषकात ते तिन्ही सामने हरले. जवळजवळ सगळा संघ एकाच देशातल्या दोन-तीन क्लबांमध्ये खेळत होता. आशियात तेवढं पुरलं, बाहेर पुरलं नाही.

उझबेकिस्तानकडे आपण सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. २०१२ मध्ये त्यांची १६ वर्षांखालची मुलं आशियात पहिली आली. २०१८ मध्ये २३ वर्षांखालचा संघ चीनच्या बर्फात व्हिएतनामला हरवून विजेता झाला. २०२३ मध्ये २० वर्षांखालचे जिंकले, २०२४ मध्ये ते प्रथमच ऑलिंपिक फुटबॉल खेळले आणि जून २०२५ मध्ये २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरले. पहिल्या चषकापासून तिथपर्यंत १३ वर्षं लागली. या काळात त्यांनी केलेली एक गोष्ट नीट समजून घ्यावी. २०२१ मध्ये ‘ऑलिंपिक ताश्कंद’ हा क्लब स्थापन केला, त्यात युवा राष्ट्रीय संघाची मुलं भरली आणि त्यांना मोठ्यांच्या लीगमध्ये उतरवलं. या क्लबला आणि पुढे २३ वर्षांखालच्या संघाला शिकवणारे टिमूर कापाद्झे हेच पात्रतेच्या वेळी वरिष्ठ संघाचे प्रशिक्षक होते. बाहेर जाणाऱ्यांना अडवलं नाही, हेही महत्त्वाचं. अब्दुकोदिर खुसानोव बेलारूसच्या लीगमध्ये गेला, तिथून फ्रान्समधल्या लांसला, तिथून जानेवारी २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीला. बेलारूस काही फुटबॉलची पंढरी नाही, पण तिथे त्याला मोठ्यांच्या संघात रोज खेळायला मिळालं.

संयुक्त अरब अमिरातीने अर्धी वाट चालून दाखवली. २००८ मध्ये १९ वर्षांखालचे आशियाई विजेते, २०१२ ला ऑलिंपिक, २०१५ च्या आशिया चषकात जपानला बाहेर काढून तिसरं स्थान, आणि पूर्ण वाटचालीत प्रशिक्षक एकच, महदी अली. पण खेळाडू जवळपास सगळे देशातच राहिले, मागून तेवढ्या ताकदीची पुढची पिढी आली नाही आणि २०१८ चा विश्वचषक हुकला. ओमानने १९९६ आणि २००० मध्ये १६ वर्षांखालचा आशियाई किताब घेतला. विश्वचषकात त्यांना अजून जागा मिळालेली नाही.

आता आपली २०१७ ची मुलं. देशात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात ती तिन्ही सामने हरली, पण जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध गोल केला, आणि त्या संघातले जॅक्सन, सुरेश सिंग वांगजाम, अन्वर अली हे पुढे वरिष्ठ संघात टिकले. तीन सामने हरलेल्या तुकडीतून तीन टिकाऊ खेळाडू मिळणं ही आमच्या मते चांगली कमाई आहे. ती झाली कारण स्पर्धा संपल्यावर ही मुलं ‘इंडियन ॲरोज’ या संघातून आय-लीग या देशातल्या लीगमध्ये मोठ्यांविरुद्ध पूर्ण मोसम खेळली. ते ॲरोज २०२२ मध्ये बंद केलं गेलं. उझबेकांनी ज्या सुमारास हे दार उघडलं त्याच सुमारास आपण ते लावलं, आणि आमच्या दृष्टीने गेल्या दहा वर्षांतला हा सर्वांत महागात पडलेला निर्णय आहे. २०२५-२६ चा आयएसएल (इंडियन सुपर लीग) मोसमही व्यावसायिक हक्कांच्या करारावरून वेळेवर सुरू झाला नाही. १९-२० वर्षांच्या मुलाचे असे पाच-सहा महिने वाया गेले की ते सरावाने भरून निघत नाहीत.

इराणला हरवणाऱ्या मुलांचं काय होईल, ते तुम्ही स्वतः तपासू शकता. संघातल्या २३ जणांची नावं वहीत उतरवून ठेवा. २०२८-२९ मध्ये प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा : देशाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये मोसमात किती मिनिटं खेळला, कोणत्या जागेवर, आणि देशात की बाहेर. ९०० मिनिटं म्हणजे दहा पूर्ण सामने. तेवढी मिनिटं निदान आठ जणांना मिळालेली दिसली तर आशा धरा. तीन-चार जणांनाच मिळाली असतील, तर अहमदाबादचा विजय त्या संध्याकाळपुरताच होता. जागाही बघा. आपल्या क्लबांत आघाडीवीर बहुतेक परदेशी असतो, म्हणून आपली मुलं बचावात आणि मधल्या फळीत तयार होतात आणि गोल करणारा सापडत नाही. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं ते यामुळेच.

प्रश्न : जपान तर मुलांच्या स्पर्धांमध्ये दर वेळी जिंकताना दिसत नाही. मग त्यांचा मोठा संघ १९९८ पासून प्रत्येक विश्वचषकात कसा?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, बार्शी

उत्तर : निरीक्षण बरोबर आहे. आशियाच्या १९ वर्षांखालच्या स्पर्धेत जपानला पहिलं विजेतेपद २०१६ मध्ये मिळालं. तोवर त्यांचा वरिष्ठ संघ पाच विश्वचषक खेळून झाला होता आणि चार वेळा आशिया चषक घरी आला होता.

जपानने चषकापेक्षा सामन्यांची संख्या आणि वाटांची संख्या वाढवली. १९९३ मध्ये जे-लीग सुरू झाली. २०११ पासून १८ वर्षांखालच्यांसाठी देशपातळीवर पूर्व आणि पश्चिम अशा दोन गटांची लीग आहे. तिच्यात क्लबांचे युवा संघ आणि शाळांचे संघ एकत्र खेळतात. आता प्रत्येक गटात १२ संघ आहेत, म्हणजे घरचे-बाहेरचे धरून २२ सामने. खालच्या श्रेणींमध्ये घसरण आणि बढती असल्याने मोसमाच्या शेवटीही सामना फुकट जात नाही. आपल्याकडे शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होते. जिल्ह्यात पहिलाच सामना हरलेल्या शाळेचं वर्ष त्या दिवशी संपतं. अकरा महिने सराव आणि एक सामना, यातून पोरगा शिकणार काय?

दुसरी गोष्ट उशिरा पिकणाऱ्यांची. काओरू मितोमा हा जपानचा खेळाडू कावासाकी क्लबच्या युवा संघात होता. वरच्या संघात यायला सांगितलं तेव्हा तो त्सुकुबा विद्यापीठात शिकायला गेला, तिथल्या संघातून खेळला आणि मग व्यावसायिक झाला. १८ व्या वर्षी निवड झाली नाही किंवा घेतली नाही, तरी विद्यापीठाचं दार तिथे उघडं असतं. आपल्या विद्यापीठांच्या स्पर्धा थोड्या दिवसांत उरकतात. ती वाट रुंद करणं हे अकादमी बांधण्यापेक्षा स्वस्त काम आहे.

१९९९ च्या जपानी युवा संघाचाही उल्लेख करायला हवा. नायजेरियात झालेल्या जागतिक युवा स्पर्धेत तो अंतिम फेरीत स्पेनकडून ०-४ हरला. शिंजी ओनो, जुनिची इनामोतो, नाओहिरो ताकाहारा ही मुलं त्यात होती. प्रशिक्षक फिलिप त्रूसिए यांच्याकडेच ऑलिंपिक आणि वरिष्ठ संघही होते. पुढच्याच वर्षी आशिया चषक आला आणि २००२ च्या विश्वचषकात बाद फेरी.

प्रश्न : वय चोरून जिंकतात असं सर्रास ऐकू येतं. खरं वय तपासता येतं का? आमच्या मुलाने १५ वर्षांखालच्या संघासाठी नाव दिलं आहे, कागदपत्रं काय तयार ठेवावीत?
— पालक, जुळे सोलापूर

उत्तर : १७ वर्षांखालच्या मुलांसाठी डाव्या मनगटाचं एमआरआय काढतात. कोपराकडून येणाऱ्या रेडियस हाडाच्या मनगटाजवळच्या टोकाला वाढीची पट्टी असते. ती किती जुळली आहे याच्या सहा पायऱ्या ठरवलेल्या आहेत. सहावी म्हणजे पट्टी पूर्ण जुळली. सतराव्या वाढदिवसाआधी मुलाची पट्टी पूर्ण जुळलेली सापडणं फार विरळ असतं, शंभरात एकही नाही, म्हणून असा मुलगा अपात्र धरला जातो. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो. काही ठिकाणी डाव्या हाताचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीने हाडांचं वय काढतात. क्रिकेटमध्येही ती वापरतात.

या चाचण्यांना मर्यादा आहेत. एमआरआय मुलगा १७ च्या वर आहे इतकंच सांगतं, नेमकी जन्मतारीख सांगत नाही. १५ वर्षांचा मुलगा १३ चा म्हणून खेळत असेल तर तो या चाचणीत सहज सुटतो. मुलींची पट्टी लवकर जुळते, त्यामुळे मुलांचे निकष त्यांना लावता येत नाहीत.

वय चोरल्याचं नुकसान प्रतिस्पर्ध्यापेक्षा स्वतःच्या संघाला जास्त होतं. दोन वर्षांनी मोठा मुलगा ताकदीवर आणि वेगावर सामने काढतो, प्रशिक्षक त्याच्याकडेच चेंडू टाकायला शिकवतो, आणि खरा लहान, हुशार मुलगा बाकावर बसतो. विसाव्या वर्षी सगळ्यांची उंची-ताकद सारखी होते तेव्हा त्या मोठ्याकडे दाखवायला काही उरत नाही आणि बाकावरच्याने खेळणं सोडलेलं असतं. आशियात मुलांच्या कित्येक यशाचं पुढे काही झालं नाही, त्यामागे हे एक कारण नक्की आहे.

कागदपत्रांत महापालिकेचा जन्मदाखला मुख्य. नोंद जन्मानंतर लगेचची हवी; खूप वर्षांनी करवून घेतलेल्या नोंदीवर शंका घेतली जाते. दाखला, आधार आणि शाळेचं बोनाफाईड या तिन्हींवर मुलाचं, वडिलांचं नाव आणि आडनाव अक्षरशः सारखं असावं. अर्ज सर्वाधिक अडतात ते स्पेलिंगच्या फरकामुळे. तो फरक स्पर्धेच्या आठवड्यात दुरुस्त होत नाही, महिनाभर आधी कामाला लागा. क्लबकडून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या केंद्रीय नोंदणी प्रणालीत नोंदणी होते. तो क्रमांक मागून स्वतःकडे लिहून ठेवा, कारण क्लब बदलताना तोच लागतो.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, चपळ पण बुटका. जिल्हा निवडीत दोनदा वगळला. कोच सांगतात उंची नाही. सराव वाढवावा का? उन्हाळ्यात रोज दोन वेळा मैदानावर न्यायचा विचार आहे.
— आई, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : ताई, आधी त्याचा जन्ममहिना बघा. वयोगटाची रेषा १ जानेवारीला पडते. डिसेंबरात जन्मलेला मुलगा जानेवारीतल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान असूनही त्याच गटात मोजला जातो, आणि चौदाव्या वर्षी एका वर्षात उंचीत ७-८ सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. निवडसमित्या हे लक्षात घेत नाहीत, ही त्यांची चूक आहे. मुलात दोष आहे असं त्याला वाटू देऊ नका.

सराव दोन वेळा नको. आठवड्यातून चार दिवस, ७५ ते ९० मिनिटं, आणि एक सामना. या वयाला एवढं भरपूर आहे. वर्षात २५ ते ३० सामने मिळतील असा क्लब शोधा. क्लब निवडताना मैदान आणि जर्सीपेक्षा हा आकडा विचारा.

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी, अनवाणी, भिंतीला टेकवून उंची मोजा. महिन्याला ६ मिलिमीटरपेक्षा जास्त वाढ दिसू लागली की तो झपाट्याने वाढण्याच्या काळात आहे. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात, त्यामुळे गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेमागे दुखतं आणि चेंडूवरचा ताबाही काही महिने बिघडल्यासारखा वाटतो. त्या काळात उड्या, पायऱ्या चढणं, लांब धावणं एक-तृतीयांशाने कमी करा आणि चेंडूचं काम चालू ठेवा. लंगडत असेल तर खेळवू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वाढीच्या काळात आठ तासांपेक्षा कमी झोप चालणार नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो. सराव सकाळी आठच्या आत संपवा किंवा संध्याकाळी साडेसहानंतर ठेवा, दर १५-२० मिनिटांनी पाणी द्या, आणि घरून निघण्याआधी लघवीचा रंग गडद पिवळा असेल तर त्या दिवशी विश्रांती. काळ्या मातीच्या मैदानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथे घोटा मुरगळतो. भेगाळलेल्या भागात सामना खेळवू नये. मुरूम दाबलेला तुकडा शोधून त्यावर पासिंगचं काम करावं. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा जवळच्या मुलांची जागा जाते. त्या आठवड्यांत चार विरुद्ध चार खेळायला २५ बाय १५ मीटरची शाळेची जागाही पुरते, आणि बुटक्या, चपळ मुलाला त्या अरुंद जागेतच सर्वांत जास्त शिकायला मिळतं.

प्रश्न : हे सगळं मुलांचं झालं. मुलींच्या फुटबॉलला हाच नियम लागू होतो का?
— शिक्षिका, मंगळवेढा

उत्तर : बराचसा. उत्तर कोरियाच्या मुलींनी २०२४ मध्ये १७ आणि २० वर्षांखालचे दोन्ही विश्वचषक जिंकले आणि २०२५ मध्ये १७ वर्षांखालचा पुन्हा घेतला. तरी त्यांचा वरिष्ठ संघ २०१५, २०१९ आणि २०२३ च्या विश्वचषकांत नव्हता. पहिल्या वेळी उत्तेजक द्रव्यांबद्दलची बंदी होती.

भारतात २०२५ मध्ये एक चांगली गोष्ट घडली. वरिष्ठ, २० वर्षांखालचा आणि १७ वर्षांखालचा असे मुलींचे तिन्ही संघ मैदानावर जिंकून २०२६ च्या आपापल्या आशिया चषकासाठी पात्र ठरले. वरिष्ठ संघाने थायलंडला थायलंडमध्येच २-१ हरवलं. पुरुषांच्या बाजूला असं झालेलं नाही. अडचण मात्र तीच, किंबहुना जास्त : महिला लीगचा मोसम लहान आहे. तुमच्या शाळेत संघ असेल तर मंगळवेढा, पंढरपूर, मोहोळ अशा चार-पाच शाळांची महिन्यातून दोन शनिवारी भरणारी साखळी स्पर्धा सुरू करा. पाच संघ असले तर घरचे-बाहेरचे धरून प्रत्येकीला आठ सामने होतात. सात-सात जणींचे संघ, साधारण ५५ बाय ३७ मीटर मैदान आणि १२ फूट बाय ६ फूट गोल. तेरा वर्षांपर्यंत चार नंबरचा चेंडू, पुढे पाच नंबर. पंच म्हणून मोठ्या वर्गातल्या मुली तयार करा. प्रवासाचा खर्च कमी ठेवायचा असेल तर एका दिवशी एकाच शाळेत दोन सामने लावा आणि दोन सामन्यांमध्ये निदान दीड तासाचं अंतर सोडा.